मुलगी झोपतानाच्या प्रार्थनेत सिंहाला हाक मारते. पुस्तकं काढून ठेवू का?

चिऊची_आई (पिंपरी)

सगळ्यांना जय ख्रिस्त. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या भावाने तिला नार्नियाच्या गोष्टींचा सात पुस्तकांचा इंग्रजी संच आणून दिला, सी. एस. लुईसचा. तिला एकटीला झेपत नाही म्हणून रात्री मी वाचते आणि मराठीत सांगत जाते. सिंह-चेटकीणवालं पुस्तक संपलं, त्याच्या पुढचं अर्ध्यावर आलंय. वेड लागलंय पोरीला. गोष्टीतली मुलं कपाटातून नार्निया नावाच्या जादूच्या देशात जातात, म्हणून हीही आमच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात जाऊन बसते आणि मागच्या पत्र्यावर टकटक करते. माझ्या दोन पैठण्यांचे पार बोळे झाले.

गेल्या बुधवारी रात्रीची प्रार्थना चालली होती. आजीचा गुडघा, बाबांची बदली, शाळेतली भांडकुदळ मैत्रीण, सगळं नेहमीचं. शेवटी हळूच म्हणाली, "आणि अस्लान, तू पण ये." (अस्लान म्हणजे त्या गोष्टीतला सिंह.) मी ऐकलंच नाही असं दाखवलं. दिवा घालवल्यावर अंधारातून आवाज आला, "मम्मी, मला येशूपेक्षा अस्लान जास्त आवडतो. देवाला राग येईल का गं?"

मी म्हटलं, झोप आता. एवढंच सुचलं.

रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एका वडिलांना विचारलं. ते म्हणाले, चेटकिणी, जादू, बोलणारी जनावरं, हे ख्रिस्ती घरात हवंच कशाला, देऊन टाका रद्दीत. नवरा म्हणतो, गोष्टच आहे ती, एवढं काय. मी मधल्या मध्ये लटकलेय.

खरं सांगायचं तर माझं स्वतःचं लहानपण या बाबतीत कोरडंच गेलं. पांढरे मोजे, संडे स्कूल, सुवर्णवचन म्हणून दाखवलं की रंगीत कार्ड. वचनं आजही पाठ आहेत, पण अंगावर काटा कधी आला नाही. हिला त्या सिंहाचं ऐकताना येतो, मी हाताला हात लावून पाहिलाय. म्हणून पुस्तकं काढून घ्यायला हात धजत नाही.

लहानपणी अशा जादूच्या गोष्टी वाचून कुणाचा विश्वास वाढलाय का? की उलटंच झालं? उपदेश नको, तुमचा अनुभव सांगा.

शब्दाचा_सेवक

ताई, सलाम. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 18वा अध्याय वाचा. चेटूक, मंत्रतंत्र करणारा परमेश्वराला वीट आणतो असं स्वच्छ लिहिलंय, त्यात लहान मुलांची गोष्ट असेल तर चालेल अशी सवलत नाही. मुलीने प्रार्थनेत दुसरं नाव घेतलं ही तुम्हाला मिळालेली सूचना आहे. शुभवर्तमानात गोष्टी कमी आहेत का? उधळ्या पुत्राची सांगा, चांगल्या शमरोन्याची सांगा. अनुभव मागितलात, तर माझा अनुभव असा की घरात नको ते शिरायला दार थोडंसं किलकिलं असलं तरी पुरतं. राग मानू नका.

नगरची_मावशी

चिऊच्या आई, तुमचा प्रश्न खुद्द लुईसकडेच जाऊन आलाय. 1955 साली अमेरिकेतल्या एका आईने कळवलं होतं की तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला धास्ती बसली आहे, आपण येशूपेक्षा अस्लानवर जास्त प्रेम करतो म्हणून. लुईसने त्या माउलीला पत्र लिहिलं. मथितार्थ असा, की मुलाला तसं वाटलं तरी ते तसं नसतं; सिंहाने जे केलं आणि जे म्हटलं म्हणून तो त्याला आवडतो, ते येशूने खरोखर केलेलं आणि म्हटलेलंच आहे. शिवाय लहान मुलाला सिंहाचं अंग जास्त आवडणार हे देवाला ठाऊक आहे, मुलाची कल्पनाशक्ती त्यानेच तर घडवली. पुढे मुलासाठी एक प्रार्थनाही सुचवली: हे विचार वाईट असतील तर काढून टाक, नसतील तर माझा घोर घालव. आणि मुलाने सोबत हेही मागावं, की या लुईसने आपल्या पुस्तकांनी आणखी कुणा मुलांना घोर लावला असेल तर त्याला क्षमा कर. मला तो लेखक आवडतो तो या शेवटच्या ओळीमुळे.

आता माझं. मी नगरची. जिल्ह्याचं नाव बदललं तरी माझ्या तोंडी नगरच येणार. वय वर्षं एकसष्ट. अप्पा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथल्या एक मडमबाई कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी पुस्तकांचं एक खोकं अप्पांना दिलं. त्यात हे एक होतं, पानं पिवळी पडलेली. मी अकरा वर्षांची, इंग्रजी यथातथाच. अप्पा शब्दकोश घेऊन शेजारी बसायचे. दिवसाला दोन पानं.

जादूचं मला नवल नव्हतं, चांदोबा घरी यायचा. वेताळ राजाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगतो आणि पुन्हा झाडावर जाऊन लटकतो, त्यात मी मुरलेली होते. नवल वाटलं ते कपाटाचं. गोष्टीतली धाकटी मुलगी ल्यूसी कपाट उघडते तेव्हा आतून दोन डांबराच्या गोळ्या बाहेर पडतात. अगदी आमच्या कपाटासारख्या! आईच्या लग्नाच्या शालूला तोच वास यायचा. आणि तिथे नार्नियात सदा हिवाळा असतो पण नाताळ येतच नाही, हे वाचून तर मी घाबरलेच. आमच्याकडे थंडी म्हणजेच नाताळ. गच्चीवर कागदाची चांदणी, करंज्यांचे डबे, रात्री कॅरलवाल्यांची पेटी-ढोलकी. स्वेटर घालायचा आणि हे काहीच नाही? बर्फ मी जन्मात पाहिला नव्हता, पण ती शिक्षा मला बरोबर कळली.

मग सिंह मरायला जातो ते प्रकरण आलं. मी स्वयंपाकघरात उंबऱ्यावर बसून वाचत होते. चेटकिणीचे लोक त्याला बांधतात, आणि मारण्याआधी त्याची आयाळ भादरतात. आणि हसतात, हे तर नुसतं मांजर म्हणून. मी जी भोकाड पसरली, की आई चुलीवरचं टाकून धावली. तिला वाटलं विंचू चावला. "काय झालं गं?" मी म्हटलं, "त्यांनी सिंहाची हजामत केली." आईने कपाळावर हात मारून घेतला.

हसा खुशाल. पण पुढच्या वर्षी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) काय झालं ते ऐका. दुपारी बारा ते तीन उपासना, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार. दरवर्षी मी छताचे पंखे मोजायचे, मोजून झाले की उलटे मोजायचे. पाळकसाहेब मत्तयातलं वाचत होते: शिपायांनी त्याची वस्त्रं काढली, काट्यांचा मुगुट घातला, गुडघे टेकून थट्टा केली. हे मी तोपर्यंत दहा वेळा ऐकलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. त्याला हसले ते! पंखे मोजायचे राहून गेले.

म्हणजे गोष्टीने मला नवीन काहीच शिकवलं नाही. पाठ झालेलं कानावरून घरंगळून जातं, तिने ते अडवलं.

पुढे कॉलेज, बँकेची नोकरी, पुणे. देऊळ फक्त नाताळ आणि लग्नांपुरतं. (आम्ही नगरकडचे जुने लोक चर्चला देऊळच म्हणतो, गैरसमज नको.) भांडण असं काही नव्हतं देवाशी, बोलणं नव्हतं इतकंच. 1998 मध्ये अप्पांना कॅन्सर निघाला, जठराचा. शेवटच्या आठवड्यात रात्रीची पाळी माझी असायची. एका रात्री अडीच-तीनचा सुमार, सलाईनचे थेंब पडताहेत, मी स्टुलावर. मला वाटलं अप्पांना डोळा लागला. तेवढ्यात म्हणाले, "डोक्यावर हात ठेव गं. बोलू नको काही, नुसता ठेव." मी माकडटोपी काढून हात ठेवला. केमोने केस गेले होते, कुठेकुठे लव होती नुसती.

आणि मला ते पान आठवलं. मरणाच्या रात्री सिंह चालत निघालेला असतो, दोघी मुली मागे मागे. तो त्यांना सांगतो, माझ्या आयाळीवर हात ठेवा, तुम्ही जवळ आहात एवढं मला कळू दे. मागोमाग गेथशेमाने आठवली, येशूला धरलं त्या रात्रीची बाग. माझ्याबरोबर जागे राहा, असं येशू तिघा शिष्यांना विनवतो आणि तिघेही झोपतात. लहानपणापासून या गोष्टीत मी शिष्यांना रागे भरायला शिकले होते. ज्याने विनवलं तो किती एकटा असेल, हे मला तोवर शिवलंच नव्हतं. चार वाजेपर्यंत हात काढला नाही मी. मुंग्या आल्या.

अप्पा तिसऱ्या दिवशी गेले. इथे मला एक कबूल करायचंय, कारण हे गोडगोड वाटायला नको. त्या सकाळी मला त्या पुस्तकाचा भयंकर राग आला. तिथे एका रात्रीत सगळं उलटतं, दगडी मेज दुभंगतं, सिंह उठून त्या पोरींबरोबर गवतात लोळतो. माझ्या हातात राहिली माकडटोपी. पुढे दोनेक वर्षं मी ते खोकं उघडलं नाही.

मग भाचीसाठी म्हणून सहावं उघडलं, जादूगाराच्या भाच्याचं, 1955 चं. त्यातल्या डिगरीची आई मरणाला टेकलेली आहे. तो खाली मान घालून सिंहाकडे आईसाठी काहीतरी मागतो, आणि वर बघतो तर सिंहाच्याच डोळ्यांत पाणी, त्याच्या स्वतःच्या आसवांपेक्षा मोठमोठे थेंब. गोष्टीत पुढे सफरचंद मिळतं, आई बरी होते. लुईसची आई मात्र 1908 मध्ये कॅन्सरने गेली, तो नऊ वर्षांचा होता. त्याने प्रार्थना केली होती, उपयोग झाला नाही. पोरवयातच विश्वास सुटला, तो परत आला तिशी उलटल्यावर. हे कळल्यावर मी ते सफरचंदाचं पान वेगळ्याच नजरेने वाचलं. त्याला जे मिळालं नाही ते त्याने त्या पोराला देऊन टाकलं.

आणि "येशू रडला". संडे स्कूलला गेलेल्यांना हे माहीत असेल. सुवर्णवचन पाठ नसलं की आम्ही योहान 11:35 ठोकून द्यायचो, बायबलमधलं सगळ्यात छोटं वचन, दोन शब्दांत कार्ड पदरात. बाई वैतागायच्या. किती कार्डं कमावली असतील मी त्या दोन शब्दांवर! मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी तो रडला याचा अर्थ मला चाळिशीच्या तोंडाशी कळला, तोही सिंहाच्या डोळ्यातल्या पाण्यावरून. त्यानंतरच्या रविवारी मी देवळात गेले. अजून जाते.

शब्दाचा सेवक दादा, अनुवाद 18 मलाही मान्य आहे. पण तिथे भविष्य बघणाऱ्यांची आणि मृतांना विचारणाऱ्यांची बंदी आहे, गोष्टींची नव्हे. आणि त्या पुस्तकात चेटकीण कुणाला आवडावी म्हणून लिहिलेलीच नाही. दावीद राजाचं पाप त्याच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती तेव्हा नाथान संदेष्ट्याने काय केलं? कोकराची गोष्ट सांगितली. राजा संतापला, आणि मग "तो मनुष्य तूच आहेस." राजवाड्याच्या पहारेकऱ्यांना चुकवून आत गेली ती गोष्ट. आपल्या आजोबा-पणजोबांनी जॉन बन्यनचा यात्रेकरू मराठीत वाचला, 1841 सालीच 'यात्रिकक्रमण' आलं होतं. त्यातही राक्षस आहेत की. आणि रेव्हरंड टिळक तर म्हणायचे, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पूल कुठला मिळेल ते आपल्या हातात नसतं दादा.

अर्धा_कप (डोंबिवली)

मी ख्रिस्ती नाही, डोकावलो आणि अडकलो. बाराव्या वर्षी सातही पुस्तकं फडशा पाडून वाचली होती. हे येशूचं आहे हे मला कॉलेजात एका मित्राने सांगितलं, आणि प्रामाणिकपणे सांगतो, फसवल्यासारखं वाटलं. कुणीतरी गोळीला साखर लावून दिली होती.

दुसरं म्हणजे ते कॅलोरमेनचे, नार्नियाच्या शत्रूदेशाचे लोक. सावळे, फेटे, वाकड्या तलवारी, भलताच देव. मी ल्यूसी-पीटरच्या बाजूने लढत होतो आणि पुस्तकातले वाईट लोक दिसायला माझ्या मामांसारखे होते. मावशी, तुमचं वाचून गलबललं, पण याचं काय?

वसईचा_पाव

माझी शंका वेगळी. दहाव्या वर्षी मला कळलं की नाताळबाबा म्हणजे आमचे पप्पा. त्याच आठवड्यात मी मिस्साला बसून विचार करत होतो, मग बाकीचं पण पप्पाच का? अस्लान खोटा हे चिऊला एक दिवस कळणारच. त्याच्याबरोबर येशूही गोष्टींच्या कप्प्यात गेला तर? आमच्या आजीने कधी सिंहबिंह सांगितले नाहीत, आमच्या सामवेदी बोलीतून सरळ येशूचीच गोष्ट सांगायची, मधेच भाजी निवडत. गाढवीवर बसून येरुशलेमेत कसा आला ते तर असं सांगायची की वाटावं गाढवी आमच्याच वाडीतली. मला ते पुरलं.

नगरची_मावशी

अर्धा कप, फेट्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. मी त्याची वकिली करणार नाही, मलाही ते खुपतं. पण शेवटच्या पुस्तकातला एमेथ आठवतोय? कॅलोरमेनचाच शिपाई, जन्मभर त्याच्या ताश देवाची मनापासून सेवा केलेला. सिंह समोर आल्यावर त्याला वाटतं आता संपलो, आणि सिंह त्याला आपला म्हणतो. खरेपणाने केलेली सेवा माझ्याकडेच पोचली, असं काहीसं. एमेथ हा हिब्रू शब्द, अर्थ सत्य. कर्मठ ख्रिस्ती लोक लुईसवर सगळ्यात जास्त चिडतात ते या पानावरून. माझ्या शेजारच्या काकू एकादशीला मला साबुदाण्याची खिचडी आधी वाढायच्या आणि मग स्वतः घ्यायच्या. ते पान वाचताना मला काकू दिसतात.

साखरेच्या गोळीचं म्हणाल, तर त्याने आधी उपदेश ठरवून वर गोष्ट चढवली नव्हती. सोळाव्या वर्षापासून त्याच्या डोक्यात एक चित्र होतं: बर्फाळ जंगलात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, बोकडाच्या पायांचा एक प्राणी. त्याची गोष्ट करू या, असं चाळिशीच्या आसपास वाटलं. सिंह मागाहून उडी मारून आला, असं तोच सांगतो.

वसईच्या दादा, तुमची आजी फार मोठी बाई. गाढवी वाडीतली वाटायला लावणं सोपं नाही, आणि ती घरात असती तर मला खोकं लागलंही नसतं. खऱ्याखोट्याचं मात्र मुलीला आधीच सांगून टाकावं, लपवू नये. लुईसचीही गाठ तिथेच होती. मरून उठणाऱ्या देवांच्या जुन्या कथा त्याला भयंकर आवडायच्या, पण खोट्या म्हणून. 1931 च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डमध्ये एका रात्री टॉल्किन आणि डायसन हे दोघे मित्र त्याच्याशी कितीतरी वेळ बोलत राहिले, की तशीच एक कथा खरोखर घडलीय. थोड्याच दिवसांत भावाच्या मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसून तो प्राणीसंग्रहालय बघायला निघाला, आणि पोचेपर्यंत ख्रिस्ती झाला होता. वाटेत फार विचार केला असंही नाही म्हणतो.

शब्दाचा_सेवक

मतभेद कायम. एमेथचं तर मला मुळीच पटलेलं नाही, त्यावर वेगळा धागा काढेन. मावशींच्या अप्पांबद्दल वाचलं, माझे वडीलही जठराच्याच कॅन्सरने गेले.

चिऊच्या आई, एक काळजीचं. मुलीला लोखंडी कपाटात बसू देऊ नका. त्याचं दार आतून उघडत नाही.

नगरची_मावशी

दादा, हे लाखमोलाचं बोललात. पुस्तकातही लेखक तीनतीनदा बजावतो, कपाटात शिरताना दार कधी ओढून घ्यायचं नाही. ल्यूसी उघडं ठेवते.

चिऊची_आई (पिंपरी)

सगळ्यांचे आभार. कपाटाला कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. पुस्तकं आहेत तिथेच आहेत.

काल रात्री चिऊला त्या अमेरिकेतल्या मुलाची गोष्ट सांगितली. फार गंभीरपणे ऐकली. "म्हणजे मी एकटीच नाहीये," म्हणाली. मग विचारलं, अस्लान खरा आहे का? मी म्हटलं, अस्लान गोष्टीतला, येशू खरा. ती थोडा वेळ गप्प. "मग येशूच्या डोक्यावर कुणी हात ठेवला?" मावशी, मी तुमची गोष्ट तिला सांगितलेली नव्हती. सिंहाच्या पुस्तकातलं ते पान तिच्या लक्षात होतं. मी म्हटलं, कुणीच नाही गं, ते तिघे झोपले होते. ती चिडलीच. उठून बसली अंथरुणात.

मग प्रार्थना झाली. आजीचा गुडघा, बाबांची बदली. भांडकुदळ मैत्रीण या वेळी राहिली. आणि शेवटी, "लुईस अंकलना पण माफ कर, त्यांनी मला घोर लावला नाही." लुईस अंकल 1963 मध्येच वारले हे तिला अजून सांगितलेलं नाही.